बल्बातून बाहेर आलेली तार

दरवर्षी मी वर्गात तोच प्रश्न विचारते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. फळ्यावर सेल काढायचा, बल्ब काढायचा, जाणारी-येणारी तार काढायची आणि विचारायचं, "बल्बात शिरणारी धारा जास्त, की बल्बातून बाहेर येणारी?" जवळजवळ सगळे हात वर होतात. "मॅडम, शिरणारी जास्त. बाहेर येणारी कमी." का? "बल्बानं वापरली ना." एवढ्या आत्मविश्वासानं सांगतात की जणू बल्बाच्या घरी जाऊन जेवून आलेत. दोनचार जण हातच वर करत नाहीत, त्यांचं लक्ष खिचडीच्या वासाकडे असतं.

मी खडू आपटते. मुख्याध्यापक मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे परीक्षेला येत नाही. कशाला एवढं ताणता?" परीक्षेला येत नाही! म्हणजे परीक्षेला येत नाही ते खोटं राहिलं तरी चालतं. मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ते नोकरीला परवडलं नसतं. पण तास मात्र मी अजून ताणतेच. सगळी पोरं "सारखीच" म्हणेपर्यंत आणि का सारखी ते सांगेपर्यंत मी त्यांना सोडत नाही. मधली सुट्टी गेली तर गेली.

त्या तासाला मी पारदर्शक काचेचा, आत तार दिसणारा जुना बल्ब घेऊन जाते. आता तो मिळता मिळत नाही. मानवतच्या एका दुकानदाराच्या माळ्यावर धूळ खात पडलेले चारपाच बल्ब मी उचलून आणलेत. तो म्हणाला, "मॅडम, आता हे कोण नेतंय? कोंबडीची पिल्लं उबेला ठेवायची असली तर नेतात." बरोबरच आहे त्याचं. तो बल्ब म्हणजे मुळात शेगडी, उजेड आपला जाता जाता.

पोरांना मी सांगते ते असं. इलेक्ट्रॉन काही परभणीहून चालत तुमच्या घरी येत नाहीत. ते तारेत आधीपासूनच खच्चून भरलेले असतात. बटन दाबलं की सगळे एकदम हलतात. घरच्या विजेत तर ते धड पुढेही जात नाहीत, जागच्या जागी मागेपुढे होतात, सेकंदाला पन्नास वेळा. तांब्याच्या जाड तारेत त्यांना वाट मोकळी असते. बल्बातल्या केसासारख्या तारेत दाटी होते. तिथे ते धातूच्या अणूंवर आदळतात, अणू थरथरायला लागतात, तार तापते, आधी लाल होते, मग पिवळी, मग पांढरीफेक. हाच तो उजेड. पण या सगळ्या भानगडीत एकही इलेक्ट्रॉन खर्च होत नाही. जेवढे आत, तेवढेच बाहेर. खर्च होतो तो त्यांच्या मागचा रेटा.

आता हे मी घडाघडा बोलते. दहावीत असताना मला हे ठाऊक नव्हतं. वर्गात पहिली येत होते, तरी ठाऊक नव्हतं. आणि त्याचं प्रायश्चित्त माझ्या आईच्या उजव्या हाताला भोगावं लागलं.

आमचं गाव वालूरपासून जवळच. गावातल्या महादेवाची पूजा आमच्या घराकडे. वडील, म्हणजे आमचे आबा, पूजाअर्चा बघायचे आणि देवाच्या वाती माय वळायची. नुसत्या आमच्या देवळाच्याच नाही, मारुतीच्या, देवीच्या, शिवाय गल्लीत कुणाकडे लक्ष वाती लावायचं व्रत असलं तर त्यांच्याही. सरकी काढलेला कापूस पुढ्यात घेऊन बसायची, बोटांना चिमूटभर राख लावायची आणि फुलवातीचं टोक अंगठ्यानं आणि दोन बोटांनी असं पिळायची की ते सुईसारखं उभं राहायचं. बघायचीसुद्धा नाही. नजर चुलीवर, तोंडानं मला ओरडणं चालू आणि बोटं आपली चाललेली. कापसाचा धागा किती ओढायचा ते तिच्या बोटांनाच कळायचं.

त्या वर्षी माघात आमच्या गल्लीतली न्यूट्रलची तार तुटली. वीज घरात यायला एक तार लागते आणि परत जायला एक. येणारी शाबूत होती, परत जाणारी तुटून खांबाला लोंबत होती. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, वरच्या आळीला, त्यामुळे वरच्या आळीत उजेड आणि आमच्या गल्लीत अंधार. वायरमनकडे माणसं गेली. तो म्हणाला, उद्या येतो. दुसऱ्या दिवशीही तो हेच म्हणाला. आठवडा झाला, दोन झाले, त्याचा उद्या काही उजाडेना. तक्रार लिहून द्यावी तर ती घेणारा माणूस तोच.

मग गल्लीनं आपला इलाज काढला. सगळ्या गावांत चालतो तोच. न्हाणीजवळ ओल असते, तिथे हातभर लोखंडी सळई ठोकायची, बल्बाची परत जाणारी तार त्या सळईला गुंडाळायची. झालं अर्थिंग. वीज मातीतून वाट काढत डीपीखालच्या सळईपर्यंत परत जाते आणि बल्ब लागतो. फक्त माती ओली पाहिजे. वाळली की बल्ब मंद होतो, मीठ-पाणी घातलं की पुन्हा उजळतो. पुरुषांनी सळया ठोकल्या एकदाच आणि मिशीवर हात फिरवून मोकळे झाले. रोज पाणी घालायचं काम कुणी न सांगता बायकांकडे आलं. दिवेलागणीला गल्लीतल्या सगळ्या बाया तांब्या घेऊन बाहेर यायच्या, आधी तुळशीला पाणी, मग सळईला. शेजारच्या काकू तर शुक्रवारी सळईला हळदकुंकू लावायच्या. आता आठवलं की हसू येत नाही, संताप येतो. मरण दारात पुरलं होतं आणि आम्ही त्याला पाणी घालत होतो.

माझी पूर्वपरीक्षा तोंडावर होती. आमच्या विज्ञानाच्या सरांनी नुकताच विजेचा धडा शिकवला होता. शिकवला म्हणजे काय, फळ्यावर बल्ब काढला, आत जाणारा जाड बाण काढला, बाहेर येणारा बारीक बाण काढला आणि म्हणाले, "बल्ब वीज वापरतो. लिहून घ्या." प्रयोगाच्या पेटीला कुलूप होतं आणि ते कुलूप मी शाळा सोडेपर्यंत उघडलेलं पाहिलं नाही. मी बाण काढले, जाड आणि बारीक, पट्टीनं नीट. त्या आकृतीला मला पैकीच्या पैकी गुण पडले. आज त्या वहीचा मला इतका राग येतो की ती हाती लागली तर चुलीत घालीन.

घरी येऊन मी मायला शिकवलं. शिकवायची खाज माझ्या अंगात तेव्हापासूनच. ती सळईला पाणी घालत होती. तिनं विचारलं, "ह्या वायरला हात लागला तर गं? करंट असंल ना?"

"न्हाई माय," मी म्हणाले. "येणाऱ्या वायरीत असतोय. ही तर बल्बातून भायेर आलेली. चरकात ऊस घातला की रस निघतोय न् चिपाड भायेर पडतंय ना? बल्बानं रस पिला. ही वायर म्हंजे चिपाड. रिकामी."

ती तांब्या हातात धरून जरा वेळ त्या सळईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पर आमच्या येलदरीला..."

"माय, धरणाचं काय काढलंस मधीच? हे इलेक्ट्रॉनचं हाय, पाण्याचं न्हाई."

"बरं बाई," ती म्हणाली आणि आत गेली. तिचं माहेर येलदरीच्या खालच्या अंगाचं, कुठलाही विषय निघाला तरी ती पूर्णेच्या काठावर जाऊन पोचायची. मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटायचं.

पुढे चारपाच दिवसांनी, संध्याकाळी, मी घरात बल्बाखाली वाचत बसले होते. बल्ब गेला. बाहेर माय न्हाणीजवळ भांडी घासत होती. मी आतूनच ओरडले, "माय, बघ गं, सळईची वायर निसटली का!"

"निसटली की. म्हशीनं पाय दिलाय जनू."

"मग लाव की परत. बटन चालूच हाय, लगेच कळंल."

"लावू ना?" तिनं विचारलं. हे मला स्पष्ट आठवतं. तिनं विचारलं होतं.

"लाव, लाव. रिकामी असतीया ती."

ती रिकामी नव्हती. निसटलेल्या तारेच्या उघड्या टोकावर घरातल्या बटनाइतकीच वीज उभी होती, फक्त जायला वाट नव्हती म्हणून थांबलेली. माझी आई ओल्या मातीत, अनवाणी, राखेनं बरबटलेल्या ओल्या हातानं ती तार उचलायला वाकली आणि विजेला वाट मिळाली. आम्ही सळईला मीठ-पाणी पाजत होतो. माणूस म्हणजे तरी दुसरं काय, मिठाचं पाणीच.

मी बल्बाकडे बघत होते. आतली तार हळूच लाल झाली. पुरती पेटली नाही, नुसती विझत आलेल्या विडीच्या टोकासारखी लाल. मला वाटलं, जमलं. मी टाळी वाजवली आणि ओरडले, "आलं, आलं!"

मी आनंदानं ओरडले होते. बल्ब माझ्या आईच्या अंगातून पेटत होता आणि मी टाळी वाजवली होती. हे वाक्य मी आजवर कुठेही लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही.

मग ती लाली गेली आणि बाहेर भांडी पडल्याचा आवाज झाला. तोल जाऊन ती मागे पडली म्हणून तार हातातून सुटली, म्हणून वाचली. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी आधी आमचं बटन बंद केलं. त्यांना ते सुचलं, मला नाही. मी दारात उभी होते. माय डोळे उघडे ठेवून वर बघत होती आणि तिच्या हाताला जळल्याचा वास येत होता.

जीपमधून सेलूला नेलं. आठ दिवस दवाखान्यात होती. अंगठा आणि शेजारची दोन बोटं आतपर्यंत भाजली होती. बोटं राहिली, पण वाळलेल्या शेंगांसारखी, ना वाकतात, ना त्यांना काही कळतं.

आणि मग सुरू झालं ते, ज्याचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही. दवाखान्यात येईल तो माणूस तिलाच बोलायचा. आबा म्हणाले, "वल्ल्या हातानं कुनी लाइटीला हात लावतंय व्हय?" मामा म्हणाला, "बायामानसाला कितीबी सांगा." चुलते म्हणाले, "पायात चप्पल तरी घालायची." सळई ठोकली कुणी? आबांनीच. तार गुंडाळली कुणी? चुलत्यांनीच. आणि वायरमन? तो दुसऱ्याच दिवशी आला. शिडी लावली, तार ओढली, जोडली, अर्ध्या तासात गल्लीत उजेड. एवढंच काम होतं ते! उतरल्यावर आमची सळई पायानं हलवून बघत तो म्हणाला म्हणे, "असलं करत जाऊ नका." हे ऐकून गल्लीतल्या एकाही माणसानं त्याची गचांडी धरली नाही. उलट त्याला चहा पाजला.

आणि माय सगळ्यांना एकच सांगत होती, "चुकलंच माझं. ध्यानात न्हाई ऱ्हायलं." मी तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभी असायचे. एकदाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. घरात सगळ्यात शिकलेली मी आणि सगळ्यात घुमीही मीच.

तिनं पुन्हा वाती वळायला घेतल्या त्या डाव्या हातानं. त्या वाती जाडसर, ढिल्या, तेल भराभर पिणाऱ्या. वर्षभरात बाकीच्या देवळांच्या वाती हळूहळू दुसऱ्यांकडे गेल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही, फक्त कापूस आणून द्यायचं बंद झालं. महादेवाच्या तेवढ्या राहिल्या, कारण देव आमच्याकडेच होता. मी कधी शेजारी बसून वळायला लागले की ती माझ्या वातीकडे बघायची आणि ती उसवून परत वळायची. तेवढं तिच्या डाव्या हातालाही जमायचं.

मी परभणीला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत एका सर्किटात एक बल्ब आणि धारा मोजायचे दोन मीटर दिले होते. एक बल्बाच्या अलीकडे, एक पलीकडे. मी बटन दाबलं. दोन्ही काटे उचलले आणि एकाच आकड्यावर जाऊन थांबले. मला वाटलं, पलीकडचा मीटर बिघडलाय. दोघांची अदलाबदल केली. काटे पुन्हा त्याच आकड्यावर. तिसरा मीटर मागून घेतला. तोही तिथंच. बाजूची मुलगी म्हणाली, "सारखंच येणार की गं." तिला ते आधीच माहीत होतं. मी टेबलावरचं सगळं हातानं लोटून दिलं आणि बाहेर आले. एक मीटर फुटला. का फोडला म्हणून विचारलं, तर काय सांगणार होते?

म्हणून मी विज्ञानाची शिक्षिका झाले. लोकांना वाटतं, आवड होती. आवड कसली, डूख धरला होता.

मायला मात्र मी काही सांगितलं नाही. लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली, तरी नाही. गेल्या श्रावणात चार दिवस माहेरी गेले होते. दुपारी ओसरीवर ती कापूस घेऊन बसली होती, कापसाचा पुंजका उजव्या तळव्याखाली दाबून डाव्या हातानं ओढत होती. त्या ताठ बोटांकडे बघून माझा बांध फुटला.

"माय, ती वायर रिकामी असतीया असं मी तुला सांगितलं होतं."

"हां."

"तुला आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? हात माझाच हाय की."

"ते खोटं होतं. मला चुकीचं शिकवलं होतं, न् मी तुला चुकीचं सांगितलं."

"ते तवाच कळलं की मला," ती म्हणाली. "वायर धरल्या धरल्या."

एवढ्या वर्षांनी मी रडायला बसले होते आणि ही बाई माझी थट्टा करत होती. मी चिडले. "मग आबाला का न्हाई सांगितलंस? सगळे तुला बोलायले होते. पोरीनं सांगितलं म्हणून हात लावला, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"म्हनले असते, तर तुझी शाळा ऱ्हायली असती का? पोरगी शिकून मायला मारायली म्हनले असते ते. धा दिवसांत स्थळ बघितलं असतं. माझं काय, गेलं ते गेलं होतं."

राग आला होता, पण तो कुणावर काढायचा? खाटेच्या पायथ्याशी मी मुकाट उभी होते तेव्हा ती माझ्यासाठी बोलणी खात होती. हे कर्ज तिनं मला न विचारता माझ्या डोक्यावर ठेवलं होतं. मी म्हणाले, "तुला कुणी सांगितला होता एवढा शहाणपणा?"

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता खरं काय हाय ते सांग. शिकलीस ना?"

मी नाक पुसलं आणि सांगितलं. जेवढे इलेक्ट्रॉन बल्बात शिरतात तेवढेच बाहेर येतात, एकही कमी होत नाही, असं सगळं. तिनं वात खाली ठेवली.

"जेवढं गेलं तेवढंच भायेर?"

"तेवढंच."

"मग बल्बाला दिलं काय?"

इतकी वर्षं मी शिकवते आहे. हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नाही. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "येलदरीवानी म्हन की मग."

"म्हंजे?"

"आमी नदीवर धुनं धुवायचो. वर वीज करायचं चालू झालं की नदीला पानी यायचं. आमी कपडे उचलून वर सरायचो. वीज करून पानी काय कमी व्हतंय? समदं खाली येतंय. निस्ता जोर काढून घेत्यात त्याचा. वरून पडतानी जोर असतोय, तेवढा चाकाला देऊन येतंय."

फळ्यावर मी वर्षानुवर्षं जे डोकं फोडून सांगते ते तिनं भिजलेल्या कपड्यांच्या पिळ्यावरून सांगितलं होतं.

"हे तुला कवा कळलं?"

"कवा म्हंजे? ल्हानपनापासून बघितलंय. त्या दिवशी तुला म्हनायले होते की मी. तू म्हनलीस, धरणाचं काय काढलंस."

"म्हणजे, माय, त्या वायरीत काहीतरी असंल, असं तुला वाटलं होतं?"

"वाटलं होतं."

"मग हात कशाला लावलास?" मी ओरडलेच. ओसरीवरून शेजारी ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. "वाटलं होतं तर हात कशाला लावलास?"

तिनं खाली ठेवलेली वात उचलली, डाव्या हातानं टोक पिळायला घेतलं. ते काही नीट पिळलं जाईना.

"तू म्हनलीस म्हनून," ती म्हणाली.